विश्लेषण : पाळीव सरड्यासाठी घरात वाळवंट उभारता येते का? कोकणातल्या पावसाळ्यात खरी अडचण कोणती?

कुत्रा, मांजर, पोपट यांच्या जोडीला आता शहरी घरांत बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको दिसू लागले आहेत. समाजमाध्यमांवरील चित्रफितींत हे सरडे मालकाच्या खांद्यावर निवांत बसलेले असतात. भुंकणे नाही, फिरायला नेणे नाही, केस गळणे नाही, त्यामुळे 'फ्लॅटसाठी सोयीचा प्राणी' अशी त्यांची ओळख करून दिली जाते. मात्र हे प्राणी कोरड्या, तप्त प्रदेशातले आहेत. मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा पणजीत जून ते सप्टेंबर या काळात त्यांना कोरडी हवा देणे हा जितका प्राणिप्रेमाचा, तितकाच उष्णता आणि बाष्पाच्या गणिताचा प्रश्न आहे. त्यात विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियमही २०२४ पासून बदलले आहेत. म्हणून सरडा निवडण्याआधी काय समजून घ्यायला हवे, याचा हा आढावा.

कोणते सरडे पाळले जातात?

वाळवंटी किंवा निमवाळवंटी प्रदेशातील तीन प्रकार प्रामुख्याने पाळीव म्हणून विकले जातात. पहिला बिअर्डेड ड्रॅगन. हा मध्य आणि पूर्व ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील सरडा. शेपटीसह लांबी ४५ ते ६० सेंटिमीटर आणि चांगल्या देखभालीत आयुष्य साधारण दहा वर्षे. तो दिवसा जागा असतो आणि ऊन खाणे ही त्याची मूलभूत गरज आहे. ऑस्ट्रेलिया आपल्या देशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला परवानगी देत नाही. त्यामुळे जगभर पाळले जाणारे बिअर्डेड ड्रॅगन हे बंदिवासात अनेक पिढ्या वाढवलेले आहेत.

दुसरा लेपर्ड गेको. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि लगतच्या कोरड्या, खडकाळ भागातली ही पाल. आपल्या घरातल्या पालीप्रमाणे ती भिंतीवर चढू शकत नाही, आणि तिला मिटता येणाऱ्या पापण्या असतात. ती संधिप्रकाशात आणि रात्री वावरते, शेपटीत चरबी साठवते आणि १५ ते २० वर्षे जगू शकते. म्हणजे पाचवीतल्या मुलासाठी आणलेली पाल त्याच्या पहिल्या नोकरीपर्यंत सोबत असू शकते.

तिसरा युरोमॅस्टिक्स, म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील काटेरी शेपटीचा सरडा. याला ऊन खाण्याच्या जागी तब्बल ५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि अत्यंत कोरडी हवा लागते. नवख्या पालकासाठी आणि दमट किनारपट्टीसाठी तो सर्वांत अवघड पर्याय आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने कायद्याची परिशिष्टे सहावरून चारवर आली. चौथ्या परिशिष्टात 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय करारातील प्रजातींचा समावेश आहे. या प्रजातींच्या जिवंत प्राण्यांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम अधिसूचित केले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. आता नव्याने असा प्राणी ताब्यात आल्यास ३० दिवसांत 'परिवेश' पोर्टलवर अर्ज करावा लागतो. प्राण्याचा जन्म, मृत्यू किंवा हस्तांतर झाल्यास त्याचीही माहिती द्यावी लागते.

युरोमॅस्टिक्स सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे तो या नोंदणीच्या कक्षेत येतो. सायटीसच्या यादीबाहेरच्या विदेशी प्रजातींना ही नोंदणी लागू नसली, तरी त्यांची आयात परवान्याशिवाय करता येत नाही. 'याला काही कागद लागत नाहीत' हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच पुरेसे नाही. प्रजातीचे शास्त्रीय नाव लिहिलेली पावती आणि प्राणी कुठे जन्मला याची लेखी माहिती मागणे हा खरेदीदाराचा पहिला बचाव आहे.

ही दक्षता कागदोपत्री नाही. बँकॉकहून मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशांच्या सामानातून सीमाशुल्क विभागाने वन्यप्राणी जप्त केल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. जून २०२५ मध्ये एका प्रवाशाकडे ४७ विषारी साप सापडले. त्याच महिन्यात दुसऱ्या एका कारवाईत सुमारे १०० प्राणी मिळाले, त्यांत सरडेही होते. अशा प्रवासातून वाचलेला प्राणी बाजारात पोहोचतो तेव्हा तो निर्जलित, जंतांनी ग्रासलेला आणि तणावाखाली असतो. स्वस्तात मिळालेल्या सरड्याचा पुढचा खर्च इथून सुरू होतो.

भारतातला सरडा पाळता येईल का?

नाही. थरच्या वाळवंटात आणि कच्छमध्ये आढळणारा सांडा हा आपला काटेरी शेपटीचा सरडा कायद्याने संरक्षित आहे. त्याच्या शेपटीतील चरबीपासून काढलेल्या तथाकथित औषधी तेलासाठी त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार झाली आणि आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो 'असुरक्षित' श्रेणीत आहे. घोरपड पहिल्या परिशिष्टात आहे. या परिशिष्टातील प्राण्यांच्या शिकारीसाठी किमान तीन ते कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे.

लेपर्ड गेकोबाबत आणखी एक गुंता आहे. त्याच्याच कुळातील पाली महाराष्ट्रातही आहेत. पश्चिम भारतातील एक प्रजाती राज्याच्या कोरड्या भागात आढळते, तर सातपुड्यातील प्रजातीचे शास्त्रीय वर्णन २०१४ मध्ये झाले. या पाली दिसायला पाळीव लेपर्ड गेकोसारख्याच असतात. रानातून पकडलेली पाल 'घरी वाढवलेली' म्हणून विकली जाण्याचा धोका त्यामुळे खरा आहे.

पेटी किती मोठी हवी आणि का?

सरडा शरीराचे तापमान स्वतः निर्माण करत नाही. तो ते जागा बदलून सांभाळतो. तापला की सावलीत, गारठला की उन्हात. म्हणून पेटीत एकच 'योग्य तापमान' ठेवणे चुकीचे आहे. एका टोकाला कडक ऊन आणि दुसऱ्या टोकाला गारवा, असा उतार हवा. बिअर्डेड ड्रॅगनसाठी ऊन खाण्याच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश आणि थंड टोक २२ ते २६ अंशांच्या आसपास असावे. लेपर्ड गेकोसाठी उबदार पृष्ठभाग ३२ ते ३५ आणि थंड टोक २४ ते २६ अंश.

हा उतार छोट्या पेटीत तयारच होत नाही. दोन फुटी माशांच्या टाकीत १०० वॉटचा दिवा लावला, तर थोड्या वेळात संपूर्ण टाकी तापते आणि सरड्याला पळायला जागा उरत नाही. म्हणून प्रौढ बिअर्डेड ड्रॅगनसाठी किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी सुचवली जाते. लेपर्ड गेकोला तीन फूट लांबी चालते. मात्र तिला उबदार टोकाला एक, थंड टोकाला एक आणि कात टाकण्यासाठी ओलसर असा एक, असे तीन आडोसे लागतात. हा ओलावा फक्त त्या एका आडोशापुरता असावा. कात नीट निघाली नाही तर बोटांभोवती तिची कडी आवळते आणि बोट गळून पडू शकते.

पेटीचे दार समोरून उघडणारे असावे. वरून येणारा हात सरड्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. एका पेटीत एकच सरडा ठेवावा. दोन सरडे एकमेकांवर पहुडलेले दिसले तर ते प्रेम नसून उष्ण जागेवरची दडपशाही असू शकते. पेटीसाठी साधे प्लायवूड किनारपट्टीवर फुगते आणि त्याला बुरशी लागते. पीव्हीसी बोर्ड किंवा काच तिथे जास्त टिकते.

दिव्याचा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

दिवसा वावरणाऱ्या सरड्याला उष्णतेइतकीच अतिनील-ब किरणांची गरज असते. या किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय आहारातले कॅल्शियम शरीरात नीट शोषले जात नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते. जबडा रबरासारखा मऊ होणे, पाय वाकणे, बोटे थरथरणे ही त्याची लक्षणे. पाळीव सरड्यांमधला हा नेहमीचा आजार आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या दिव्यामुळे किंवा कॅल्शियमच्या कमतरतेमुळे होतो.

'आमच्या हॉलमध्ये भरपूर ऊन येते' हे उत्तर इथे चालत नाही. खिडकीची साधी काच अतिनील-ब किरण जवळपास पूर्ण अडवते. दिव्यावर जाळी असेल तर तीही या किरणांचा मोठा वाटा खाते. शिवाय अंतर वाढले की तीव्रता झपाट्याने घटते. बिअर्डेड ड्रॅगनसाठी पेटीच्या अर्ध्याहून अधिक लांबीची टी-५ नळी वापरावी आणि ऊन खाण्याच्या जागी अतिनील निर्देशांक साधारण ३ ते ५ मिळेल अशा अंतरावर ती बसवावी. तुलनेसाठी, मुंबईत उन्हाळ्यातल्या भर दुपारी हा निर्देशांक दहाच्या वर जातो. नळीचा डोळ्यांना दिसणारा प्रकाश कायम राहतो, पण अतिनील उत्सर्जन हळूहळू घटते. म्हणून ती 'चालू असली तरी' उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, साधारण सहा ते बारा महिन्यांनी बदलावी लागते.

रात्री लाल किंवा निळा दिवा लावण्याची पद्धत टाळावी. रात्री ऊब हवीच असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर वापरावा. बाजारात मिळणारे तापणारे दगड तर पूर्ण टाळावेत. त्यांचा काही भाग अतिशय तापतो, आणि पोट भाजत असले तरी सरडा जागचा हलेलच असे नाही. उष्णतेचे कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय लावू नये. वीज दोन-तीन तास गेली तर आपल्या हवामानात सहसा बिघडत नाही. हीटर बंदच झाला नाही, तर मात्र प्राणी दगावतो.

कोकणातल्या पावसाळ्यात नेमके काय बिघडते?

या सरड्यांना साधारण ३० ते ४० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. जुलैमध्ये मुंबईची हवा ८५ टक्क्यांच्या पुढे असते. अनेक पालक सांगतात, 'आमच्या मीटरवर तर ४५ टक्केच दिसते.' ते खोटे नसते, पण मीटर दिव्याखाली लावलेला असतो.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवा त्या तापमानाला जितके बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे, याचे माप. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. खोलीत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हीच हवा दिव्याखाली ४० अंशांपर्यंत तापवली, तर बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता सुमारे ४४ टक्के दिसते. पण पेटीच्या थंड टोकाला ती ८५ टक्केच असते. रात्री दिवा बंद झाला की संपूर्ण पेटी ८५ टक्क्यांवर जाते. रात्री हीटर लावून हवा ३१ अंशांवर ठेवली तरी आकडा ७० टक्क्यांच्या खाली येत नाही. सरडा दिवसाचे बारा तास वाळवंटात आणि उरलेले बारा तास ओल्या गुहेत राहतो.

याचा परिणाम श्वसनमार्गाच्या संसर्गात दिसतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडातून फेस किंवा चिकट द्रव, घरघर, ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. त्वचेवर बुरशीजन्य संसर्ग आणि पेटीतल्या मातीला बुरशी लागणे, हेही याच काळात वाढते.

उपाय काय? पेटीला जास्त छिद्रे पाडणे हिवाळ्यात उपयोगी ठरते. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असल्याने त्याने फारसा फरक पडत नाही. सिलिका जेलच्या पुड्या काही तासांत भरून जातात. म्हणजे पेटीपुरता उपाय पुरत नाही. ज्या खोलीत पेटी आहे, त्या खोलीतलेच बाष्प काढावे लागते. त्यासाठी डिह्युमिडिफायर किंवा वातानुकूलन यंत्राचा 'ड्राय मोड' हेच खात्रीचे मार्ग आहेत. आर्द्रतामापक थंड टोकाला ठेवावा आणि त्याचा आकडा पहाटे पाहावा.

विदर्भ आणि पुण्यात स्थिती वेगळी आहे का?

होय. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीचे तापमानही ४० अंशांजवळ जाते. 'वाळवंटातलाच प्राणी आहे, सोसेल' हा समज इथे घातक ठरतो. निसर्गात हे सरडे दुपारी बिळात, कपारीत किंवा झुडपाच्या सावलीत शिरतात. बिअर्डेड ड्रॅगन स्वतःचे शरीर ३५ अंशांच्या आसपास राखू पाहतो. पेटीत थंड कोपराच उरला नाही तर त्याला ते शक्य होत नाही. अशा वेळी ऊन देणारा दिवा काही तासांपुरताच लावावा आणि खोली थंड ठेवावी. कूलरमुळे आर्द्रता वाढते, पण विदर्भातील उन्हाळी हवा मुळात इतकी कोरडी असते की तिथे ही तडजोड परवडते. मुंबईत ती परवडत नाही.

पुणे, नाशिकला हिवाळ्यातील रात्री गारठ्याच्या असतात. बिअर्डेड ड्रॅगन रात्री १८ अंशांच्या आसपासचे तापमान सहज सोसतो. त्याखाली सिरॅमिक हीटर लावावा. या काळात प्रौढ सरडा कमी खातो, सुस्तावतो. ते नैसर्गिक असू शकते, पण वजन घटत असेल तर पशुवैद्यकाला दाखवावे.

खाणे आणि महिन्याचा खर्च किती?

लेपर्ड गेको फक्त कीटक खाते. बिअर्डेड ड्रॅगनची पिल्ले मुख्यतः कीटक खातात, प्रौढ सरड्याच्या आहारात मात्र पाला-भाजीचा वाटा मोठा असावा. शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदीची फुले आणि किसलेला लाल भोपळा यांचा वापर करता येतो. पालक रोज देऊ नये, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कीटक सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा आणि त्यावर कॅल्शियमची पूड लावलेली असावी. अंगणातून पकडलेले किडे देऊ नयेत. त्यांत कीटकनाशकाचा अंश असू शकतो. काजवा तर बिअर्डेड ड्रॅगनसाठी जीवघेणा विषारी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या पायथ्याच्या घरांत काजवे आत शिरतात, तेव्हा हे लक्षात ठेवावे.

विजेचा हिशेब साधा आहे. १०० वॉटचा दिवा आणि ३९ वॉटची अतिनील नळी रोज बारा तास चालली, तर महिन्याला सुमारे ५० युनिट होतात. ३०० वॉटचा डिह्युमिडिफायर रोज दहा तास चालवला, तर आणखी ९० युनिट. म्हणजे पावसाळ्यात एका सरड्याची वीज १४० युनिट, एखाद्या छोट्या कुटुंबाच्या वापराइतकी. कीटक, कॅल्शियम, नळीची बदली आणि पशुवैद्यक यांचा खर्च वेगळा. सरड्याची किंमत ही या सगळ्यातली सर्वांत छोटी रक्कम ठरते.

घरातल्या माणसांना काही धोका?

निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्येही बिअर्डेड ड्रॅगनशी संबंधित साल्मोनेला संसर्गाचा तपास केला होता. त्यामुळे सरडा हाताळल्यावर साबणाने हात धुणे, पेटीची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये न धुणे आणि सरड्याला ओट्यावर न सोडणे हे नियम पाळावेत. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असेल, तर सरडा न पाळणेच उचित.

मग निवड कशी करावी?

दमट किनारपट्टीवर, पहिल्यांदाच पाळणाऱ्याने, खात्रीशीर कागदपत्रांसह बंदिवासात जन्मलेली लेपर्ड गेको घेणे हा तुलनेने झेपणारा पर्याय आहे. तिची पेटी लहान असते आणि तिला बिअर्डेड ड्रॅगनइतका प्रखर प्रकाश लागत नाही. कोरडी हवा मात्र तिलाही हवीच. बिअर्डेड ड्रॅगन हा खोलीची आर्द्रता नियंत्रित करू शकणाऱ्यांसाठी. युरोमॅस्टिक्स किनारपट्टीवर टाळलेलाच बरा. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक आपल्या शहरात आहे का, हे खरेदीआधी विचारावे. मोठी शहरे सोडली तर असे डॉक्टर मोजकेच आहेत. न झेपल्यास सरडा टेकडीवर सोडून देणे हा पर्याय नाही. तो तिथे पहिल्याच पावसाळ्यात मरेल, किंवा आपले आजार स्थानिक सरड्यांना देईल.

सर्वांत उपयुक्त चाचणी प्राणी आणण्याआधीची आहे. पेटी, दिवे आणि थर्मोस्टॅट जुलैमध्ये उभे करून दोन आठवडे रिकामे चालवावेत. दोन्ही टोकांचे तापमान आणि आर्द्रता दुपारी आणि पहाटे वहीत लिहावी. पहाटेच्या नोंदी सलग चौदा दिवस ५० टक्क्यांच्या आसपास राहिल्या, तर त्या घरात वाळवंटी सरडा जगू शकतो. तसे झाले नाही, तर नुकसान फक्त विजेच्या बिलाचे होते.